जिभेवरचा कापूर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवाला — देवाला तर मुळीच नाही, कारण त्याच्याच नावावर सगळं खपवलं होतं. आज तुम्हाला सांगते. अक्षर वाकडं आलं तर वाचून घ्या.

मूर्खपणा असा, की एका मंगळवारी मी नुसती मान हलवली. एवढंच. पण आधी त्या मानेचा तोरा सांगायला हवा.

मला एक विद्या येत होती. पेटता कापूर जिभेवर ठेवायचा, भुवया वर चढवायच्या, आणि बायकांनी ‘आई गं’ म्हटलं की तोंड मिटून टाकायचं. माहेरी एका बहुरूप्याचं बघून शिकले होते. विद्या कसली — त्या जाळावर घोटभर चहा होत नव्हता, वीज गेली तर चिमणीच शोधावी लागायची! शिवाय एकदा केलं की चार दिवस जीभ सोललेली. ठेचा समोर असून बाईसाहेब ताकभात गिळायच्या. पण आंध्रात, जैनथकडच्या आमच्या गावात नव्या सुनेला कोण विचारत होतं? आरतीच्या ताटातला कापूर एकदा उचलला — आणि सासूबाईंनी स्वतः पाट मांडला. सुनेच्या अंगात देवी येते म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. पाटावर बसलं की भाकऱ्या थापाव्या लागत नव्हत्या.

मग दर मंगळवारी बायका यायच्या. हरवलेली शेळी, रुसलेला जावई. त्या विचारायच्या, मी मान हलवायची — उभी म्हणजे हो, आडवी म्हणजे नको. बोलणार कशी, जीभ भाजलेली! खरं सांगू? मजा वाटायची.

पंच्याऐंशी साल असावं. कापसाची वेचणी चालू होती. शेजारची सिंधू तिच्या लेकीला घेऊन आली. दीड वर्षाची रेखा. ताप असा, की पोरीला लावलेला माझा हात आपोआप मागे आला. मान ताठ, डोळे अर्धे उघडे.

“काकू, देवीले इचारा ना. चारच्या बसनं आदिलाबादले नेऊ का?”

नववी शिकलेली बाई मी — असला ताप डॉक्टरकडेच न्यायचा, हे काय मला कळत नव्हतं? कापूर पेटवला. तोंड मिटलं. दहा-बारा बायका माझ्या मानेकडे बघत होत्या. आणि मी काय विचार करत होते — की डॉक्टरच्या सुईनं ही बरी झाली, तर पुढच्या मंगळवारी मला कोण विचारेल?

मी मान आडवी हलवली.

बस वेशीवर आली. दोनदा हॉर्न वाजला. तेव्हाही उठून सांगता आलं असतं — पळ सिंधू, हे खोटं आहे! जीभ भाजली होती, पाय तर भाजले नव्हते ना? बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी पाटावरच.

सकाळी पोरीला आकडी आली. पहिल्या बसनं नेली. मग रोज, बसचा आवाज आला की मी न्हाणीत जाऊन कडी लावायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “देवी उतरली नाई अजून तिच्या अंगातून.” मला वाटायचं, पोर गेली तर सिंधू येईल, सगळ्यांसमोर माझा जबडा उघडून आत बघेल. आणि — लिहितेच आता — पोर जाण्यापेक्षा मला त्याची भीती जास्त होती.

पोर जगली. सिंधू तिला कडेवर घेऊन थेट आमच्याच अंगणात आली. तेवढ्यात मागे सासूबाईंच्या हातून पितळी परात पडली. केवढा आवाज! कुत्रं पळालं, मी दचकले. रेखा माझ्याकडे बघून हसत राहिली. तिनं वळून पाहिलं नाही.

“डाक्टर तेलुगूत लई वरडला माह्यावर,” सिंधू म्हणाली. “काऊन वरडला, कोन जाने.”

मला कळलं, का ओरडला ते. सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, रेखाच्या लग्नात नाही, सिंधू गेली तेव्हाही नाही. कापूर पुन्हा जिभेवर ठेवला नाही, पण त्याचं काय मोठंसं?

त्या दिवशी सिंधूनं पोरीला माझ्या पायांवर घातलं, पदराची गाठ सोडून कापराची नवी पुडी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

“काकू, जीव तं वाचवला तुमी. आता मंगळवारी तिच्या कानाचं बी इचारा ना देवीले.”