खोकल्याच्या नाशपातीचा मेथांबा

अमेरिकेतल्या ट्रॉय गावी आमच्या मंडळाच्या गणपतीत मला एकटीला नाट्यगीत मिळालं, तेव्हा मी पन्नाशीची होते. अक्कल मात्र पंचविशीतच रेंगाळलेली. फोनवर "हॅलो"सुद्धा मी तालात म्हणायची. आणि कार्यक्रम शनिवारी, तर बुधवारी घसा बसला! खोकला असा की भिंतीपलीकडच्या कोरियन काकूंनाही झोप येईना.

गुरुवारी त्या वाडगा घेऊन दारात हजर. आत त्यांच्याकडची गोल नाशपाती. दिसायला बटाट्याच्या रंगाचं सफरचंद. पोखरून, पोटात मध नि आलं भरून वाफवलेली.

"गरम आहे तोवर खा," म्हणाल्या.

मी "थँक्यू, थँक्यू" करून दार लावलं. खोकल्यात फळ? आमची आई तर खोकणाऱ्याला केळ्याकडे बघूही द्यायची नाही. मला वाटलं, बाईंनी शेजारधर्माचं गोड आणलंय. पण अन्न टाकायचं कसं? फोडी केल्या, मोहरी-मेथीची फोडणी, वर तिखट नि गूळ. झकास मेथांबा झाला! आणि शेजाऱ्यांचं भांडं रिकामं पाठवायचं नाही, एवढी संस्कृती मात्र मला तोंडपाठ. वाडगा भरला.

"अगं, त्यांचीच नाशपाती त्यांना?" हे म्हणाले.

"ओळखतायत थोड्याच!" मी उरलेल्या आवाजात म्हटलं.

(नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, दॅट्स सो रूड!" म्हणू दे.)

काकूंनी दारातच एक फोड तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं. मी समजले, कौतुकानं.

"छान आहे. खोकला कसाय?"

"तसाच."

"पेअर खाल्लंस ना?"

मी वाडग्याकडे बघायचं टाळलं. त्यांनी नाही टाळलं. दुसरी फोड उचलून उजेडात धरली.

"म्हणजे तुझं औषध मी खातेय?"

आणि अशा हसल्या, की तिखटाचा ठसका लागून त्याही खोकायला लागल्या. मग दंडाला धरून मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर तसलीच नाशपाती किसून मांसाला चोळून ठेवलेली. "ह्यानं चिवट मांस मऊ पडतं. तुझ्या घशाचं काय घेऊन बसलीस!" दुसरी वाफवली, आणि तळाचा रस पिऊन होईपर्यंत माझ्या डोक्यावर उभ्या राहिल्या. शुक्रवारीही तेच.

शनिवारी आवाज खणखणीत लागला. मी तान घेतली, मग कुणी न मागता आणखी एक. काकू पहिल्या रांगेत मान डोलवत होत्या.

परतताना गाडीत मीच विषय काढला.

"बोला की, कसं झालं?"

ह्यांनी सिग्नलला गाडी थांबवली. "आवाज अगदी मोकळा झाला," म्हणाले. "खोकला राहिला असता, तर निदान सुराचा दोष त्याच्यावर ढकलता आला असता."