रकाबी आणि न आलेला धक्का

खोटं बोलायला मुहूर्त लागत नाही, पण शेजारीपाजारी साक्षीदार नसावेत एवढं पाहावं लागतं. भूकंपानंतरच्या वर्षी, लातुरात बसून, भूकंपाबद्दल खोटं बोलणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. तो मी केला.

मी रेणापूरची. बारावीला मला लातूरच्या क्लासमध्ये घातलं, तेव्हा वडिलांनी ओळखीने चाचींच्या, म्हणजे आमच्या घरमालकिणीच्या, माडीवरची पत्र्याची खोली भाड्याने घेतली. चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मुलगी चौथीत होती. पण घरात खरा मान एका चिनीमातीच्या रकाबीला होता. लहान परातीएवढी, पांढरी, कडेने निळी वेलबुट्टी. चाचींच्या निकाहात मिठाई तिच्यातून गेली होती, त्यांच्या आईच्याही, आणि मुलीचीही तिच्यातूनच जाणार, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. हात लावायचा नाही, हेही.

त्या दिवसांत आपल्याकडच्या मुली सुंदरीचे मुकुट जिंकून येत होत्या. डोक्यावर काहीतरी ठेवून चाललं की चाल सुधारते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. क्लासच्या नोट्स घेऊन पाहिल्या, पण त्या सारख्या घसरायच्या. एका दुपारी चाची बाजारात गेल्या आणि मी रकाबी डोक्यावर घेतली. चौथ्या पावलापर्यंत मी विश्वसुंदरी होते. पाचव्याला रकाबीचे सात तुकडे झाले.

चाची आल्या तेव्हा मी रडत होते. रडणं तेवढं खरं होतं. धक्का आला आणि रकाबी फळीवरून पडली, असं मी सांगून टाकलं.

आता त्या काळात एवढासा हादरा बसला तरी सबंध गल्ली रस्त्यावर यायची. कुणी पोर काखोटीला मारून, कुणी कणकेच्या हातांनी. चाचींनी दारातून गल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बाहेर जाऊन शेजारणीला म्हणाल्या, धक्का आला, आमची रकाबी गेली. शेजारीण मागे आपल्या घराकडे बघत म्हणाली, हाव, माझी बी लोणच्याची बरणी गेली ना. संध्याकाळपर्यंत त्या धक्क्यात गल्लीतली एक बरणी, दोन कपबश्या आणि एक आरसा गेला होता. एका आजोबांना तर तो झोपेत जाणवला होता. शेवटी मलाच वाटायला लागलं, आला असेल बुवा.

चाचींनी तुकडे जुन्या ओढणीत बांधून ठेवले. मी डॉक्टर व्हायला लातूरला आले होते, पण मार्कांनी दगा दिला. रसायनशास्त्र घेतलं आणि फिरत फिरत एका संग्रहालयात फुटक्या वस्तू जोडायच्या कामाला लागले. नशीबसुद्धा चेष्टा करतं ती अशी. तिथे पहिला धडा मिळाला: जोड असा हवा की उद्या कुणाला तो सोडवता आला पाहिजे. बाजारात मिळणारा दोन नळ्या मिसळून लावायचा गोंद एकदा धरला की धरला. आमची कृत्रिम राळ काचेच्या खड्यांसारखी असते. ती ॲसिटोनमध्ये विरघळवायची आणि लावायची. चुकलं तर पुन्हा ॲसिटोन लावायचं, तुकडे मोकळे होतात. माणूस चुकणार हे आधीच धरून चालणारं हे शास्त्र मला लगेच आवडलं.

रकाबी फुटल्याला बारा वर्षं झाली, तेव्हा चाचींच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मला निरोप आला. तुकडे अजून आहेत, तू म्हणे तेच काम करून राहिलीस, रकाबी जोडून दे. मला केवढं हायसं वाटलं. रकाबी जोडली की पाप फिटलं, खरं सांगायची गरजच नाही.

मे महिना होता. मी माझ्या त्याच जुन्या खोलीत बसले. संग्रहालयात आम्ही तुकडे वाळूत रोवून ठेवतो, इथे परातीत ज्वारी घेतली. दोन दिवस खपून सातही तुकडे बसवले. चाचींनी जोडांवरून बोट फिरवलं, डोळे पुसले, आणि मी फुशारून गेले.

निकाहाच्या आदल्या दुपारी वर गेले, तर एक तुकडा सरकून ज्वारीत आडवा झाला होता. शेजारचा निघायच्या बेतात होता. ही राळ चाळीस अंशांच्या आसपास मऊ पडते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, पण शिकले होते एसीच्या खोलीत. लातूरकडची पोर असून मे महिन्यात रकाबी पत्र्याखाली ठेवून बसले. दुसऱ्यांदा मीच ती रकाबी घालवली होती, आणि या वेळी लग्न उद्यावर आलं होतं. मागे वळले तर दारात चाची.

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, देव जाणे.

"आता धक्का आला म्हनू नको," चाची म्हणाल्या. "गल्ली झोपलेली हाय."

मी खालीच बसले आणि सगळं सांगितलं. मुकुट, चाल, पाचवं पाऊल. चाची पोट धरून हसल्या. त्या दुपारीही गल्ली झोपलेलीच होती, त्यांना दारातूनच कळलं होतं. मग गल्लीभर का सांगितलं, मी विचारलं.

"तुझ्या चाचानं तुझ्या बापाला बोलावलं असतं. बाप घेऊन गेला असता रेणापूरला. मग शिकली असतीस कवा?"

एवढी वर्षं मी समजत होते की मी त्यांना फसवलं.

खाली कूलरसमोर बसून आम्ही दोघींनी ॲसिटोनने जोड सोडवले आणि पुन्हा बसवले. तुकडे चाचींनी धरले, त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला. बाकीच्यांची बरणी, कपबश्या आणि आरसा कसे फुटले, हे मी जाता जाता विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरात बी पोरी व्हत्या की."

गरम मिठाई ठेवायची नाही, अशी मी ताकीद दिली. म्हणून दुसऱ्या दिवशी रकाबीत खजूर भरले. चाचींनी ती सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली आणि कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "डोक्यावर नको घेऊ."