आपांनी आधीच बघून ठेवलेला रस्ता

टेमघरला मी ज्या घरात खोली घेऊन राहते, त्या घरच्या बाईंना सगळी गल्ली आपा म्हणते. मुलगा कतारला गेला तेव्हा त्याचं गेम खेळायचं मशीन टीव्हीखाली तसंच राहिलं. मी वळ गावातल्या गोडाऊनला पॅकिंगला. सकाळची शिफ्ट करून साडेतीनला यायचे, तेव्हा घरात आपा एकट्याच. एकदा म्हणाल्या, "बघ गं चालवून. मला तर त्याचं बटणपण कळत न्हाय."

त्या गेममध्ये घर सोडून आलेली एक शिपाई मुलगी आहे. तिनं किल्ले धुंडाळायचे, लोकांशी बोलायचं, कोडी सोडवायची. बोलणं सगळं इंग्रजीत. ते आपा वाचून सांगायच्या, रिमोट माझ्या हातात.

पहिल्याच आठवड्यात एका बंद दरवाजापाशी मी तीन दिवस अडकले. रिमोट खाली ठेवला. "आपा, माझं डोकंच असं आहे. नववीत शाळा सुटली ती उगाच नाही." खरं तर आमच्या हिंगोलीकडच्या गावाला येणारी एसटी बंद झाली म्हणून सुटली होती. पण डोक्याला दोष द्यायची सवय लागली होती.

दुसऱ्या दिवशी आपा सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "त्या भिंतीतली एक वीट जरा काळी दिसते, का मलाच वाटतं?" मी वीट दाबली. दरवाजा उघडला.

मग तसंच होत गेलं. आपा भलताच काहीतरी प्रश्न विचारायच्या आणि मला उत्तर सुचायचं. एका पुलावर चार पुतळे होते, त्यांची तोंडं कुठं फिरवायची कळेना. बराच वेळ बघून मी ती सावलीच्या दिशेनं फिरवली आणि पूल खाली आला. "आणि म्हणे डोकं न्हाय," आपा म्हणाल्या.

पॅकिंगला माझ्या शेजारची मुलगी फोनवर असाच गेम खेळते, अडलं की व्हिडिओ बघते. मी तिला चिडवायचे, "बघूनच खेळायचं तर खेळतेस कशाला?"

"तुझं डोकं एवढं चालतं तर सुपरवायझर हो ना," ती म्हणाली.

सुपरवायझरला दहावी लागते. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, त्याची माहिती आपांनीच काढून आणली. मला भीती वाटत होती. पण सहा महिने मी कुणाचं न बघता कोडी सोडवली होती, त्या जोरावर हो म्हटलं. सोमवार शेवटची तारीख होती.

शनिवारी दुपार कलताना आपा असरच्या नमाजला बसल्या. बसताना फोन माझ्याकडे दिला, गॅसवाला आला तर त्याला फोनवर आलेला नंबर सांगायला. तो आला. मी फोन उघडला, तर समोर आमचाच गेम. काल आम्ही जिथं थांबलो होतो तो दरवाजा, त्यावर बाण. पान मागं सरकवलं. काळी वीट, तिच्याभोवती लाल गोल. पुलावरचे पुतळे. सगळं ओळीनं. वाचायची गरजच नव्हती.

"ताई, नंबर बोला," गॅसवाला म्हणाला. मी दोनदा चुकीचा सांगितला.

आपा नमाजाच्या चटईची, जानमाजची, घडी घालत आल्या. मी फोन पुढं केला. "पहिल्यापासून?"

"तू रडायला आली होतीस. थोडं थोडं सांगितलं."

"बघून सांगते, असं म्हणायचं होतं."

"मग तू दाबली असतीस ती वीट? आणि दहावीची पोरं गाईड घेत न्हाईत काय?"

"घेतात. पण घेतलंय हे त्यांना माहीत असतं, आपा."

मी विचारलं, यातलं माझं काय होतं.

"पूल," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी तोंडपण उघडलं नव्हतं. अल्लाकसम."

खरंही असेल. पण सहा महिने याच चेहऱ्यानं आपा टीव्हीकडं बघून नवल करत होत्या. मला ताप आला तेव्हा याच बाईनं चार दिवस पेज पाजली, उशाशी बसून राहिली. तिच्यावर ओरडणार कशी? खोलीत जाऊन दार लावून घेतलं, तेही हळू.

सोमवारी मी फॉर्म भरला. डोकं आहे का नाही ते तोवर ठरलं नव्हतंच, पण तारीख थांबणार नव्हती. आपांना मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

गेम आता एकटीच खेळते. त्या दरवाजावरचा बाण मला दिसून गेलाय, म्हणून त्याला हात लावत नाही. दुसरीकडून वाट आहे का ते शोधते. आज अकरावा दिवस. आपा चहा ठेवतात आणि तिथंच टेकतात. "मी काय बोलत न्हाय. नुसती बसते."

"नको, आपा."

त्यांच्याच घरात मी त्यांना बाहेर जायला सांगते, आणि त्या गुडघा धरून उठतात, जातात.