दोनशे गप्पी माशांचं समीकरण

मला माझ्या नवऱ्याचा, सुहासचा, हेवा वाटायचा, आणि त्याचं कारण मासे होते.

राज्याचे दोन तुकडे झाले त्या सुमाराला आमच्या संस्थेतही मोडतोड-जोडणी सुरू झाली. माझा गणित विभाग सुहासच्या जीवशास्त्र विभागात विलीन झाला, म्हणजे माझं टेबल त्याच्या माशांच्या टाक्यांशेजारी आलं. दोघं नवखे, आणि कायम जागा एकच. (घरात भांडण नको म्हणून आम्ही त्यावर बोलत नव्हतो. हळूहळू कशावरच बोलत नव्हतो.)

त्यात अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत सुहास देवमाणूस! त्याने शेजारच्या हौजात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले होते. शेजारच्या शाहीनभाभी रोज विचारायच्या, "साब हैं क्या?"

"मैं भी वोइच काम करती, भाभी."

"हौ, आप तो हिसाब करते ना," म्हणत त्या त्याच्यासाठी वाटीभर खुबानीचा मीठा, म्हणजे जर्दाळूंचं गोड, ठेवून जायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तो दोन महिने बाहेरगावी गेला, तशी मी सुलतान बाजार गाठून दहा गप्पी आणले. निवडून निवडून, रंगीत, झुपकेदार शेपटीचे. दुकानदार राखाडी, पोट सुटलेले देत होता. मी म्हटलं, "वो नक्को." ते आमच्या हौजात सोडून समीकरण मांडलं. उत्तर आलं, दोन महिन्यांत दोनशे. झाकण लावलं ते उघडलंच नाही; मधेच मोजणं म्हणजे स्वतःच्या गणितावर अविश्वास. उलट विभागप्रमुखांना रविवारी जेवायला बोलावलं, मासे मोजायलाच. कायम जागेची मुलाखत सोमवारी होती.

सुहास शनिवारी परतला. "हौजाला हात लावायचा नाही," मी बजावलं.

रविवारी सरांनी झाकण उघडलं. "एक, दो... दस."

"खाली लपले असतील, सर." मी काठीने ढवळलं. दहाच.

सुहासने वाकून पाहिलं. "हे कुणी निवडले?"

"मी."

"अगं, सगळे नर आहेत. गप्पीत रंगीत तो नर. राखाडी, पोटाची ती मादी."

सर हौजाच्या काठावरच बसले. "अम्मा, समीकरण में मादा किधर थी?"

"नव्हती, सर. मी नुसते मासे धरले होते."

जागा सुहासला मिळाली. मला त्याच्याच हाताखाली तात्पुरती नेमणूक, अट एकच: आधी नर-मादी ओळखायला शिका. एक नर मी स्वतः पारखून घरी आणलाय, असं अनुभवाच्या रकान्यात लिहिणार होते; पण तीही निवड मी रंगरूप बघूनच केली होती.