आष्टीच्या नाल्यातली नसलेली नदी

मनोहर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजात मुलांच्या वह्या तपासत होतो. नालवाडीला त्याचं घर, सायकलने फार लांब नाही. तरी मी वाटेत उतरलो आणि सायकल हातात धरून चालत राहिलो. पोचायला जितका उशीर होईल तितका बरा, असं वाटत होतं. त्याला आता दीड महिना झाला. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर. उन्हात फिरण्याशी त्याचा संबंध नाही. मला ते पटतही नाही आणि खोडताही येत नाही…

आम्ही दोघे वर्ध्याला एकाच कॉलेजात शिकवायचो. तो भूगर्भशास्त्र, मी पदार्थविज्ञान. आष्टीजवळच्या एका नाल्यात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये वाळूच्या दगडाचा पट्टा दिसतो. ती वाळू आली कुठून, हा मनोहरचा ध्यास. युरेनियम, थोरियम ही किरणं सोडणारी द्रव्यं काळ्या दगडात अगदी थोडी, पूर्वेकडच्या ग्रॅनाइटात बरीच. दगड झिजून त्याची वाळू झाली तरी थोरियम तिच्या जड कणांत टिकून राहतं. तेव्हा वाळूत ते किती आहे यावरून ती कुठली ते सांगता येतं. मनोहर हसून म्हणायचा, "पोरगी कुठं बी नांदो, तिच्या हातच्या भाजीवरून माहेर समजते."

किरणं मोजायचं यंत्र आम्ही महिनाभरासाठी नागपूरहून मागून आणलं. तो नळी दगडाला लावून कानातली टकटक मोजायचा, मी दूर बसून घड्याळावर मिनिट धरायचो. एका अरुंद घळीत मात्र दूर बसायला जागाच नव्हती. मी त्याला खेटून बसलो. तिथे टकटक दुपटीहून वाढली. तीनदा मोजली, तीनदा तीच. पूर्वेकडून एक मोठी नदी कधीकाळी इथवर वाळू घेऊन आली होती, असा निबंध आम्ही दोघांच्या नावाने नागपूरच्या सभेत वाचला. तो छापूनही आला.

यंत्र परत पाठवण्याआधी प्रयोगशाळेत मी ते चालू करून पाहत होतो. डावा हात नळीजवळ गेला आणि टकटक एकदम धावू लागली. हातात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ होतं, अंधारात काटे चमकणारं, किरणं सोडणाऱ्या रेडियमचं. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे घळीतच सुचायला हवं होतं. मी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि कुणाला काही बोललो नाही. छापील कागदावर माझं नाव आलं होतं… आयुष्यात पहिल्यांदा.

पुढे घळीतल्या तुकड्याचं रासायनिक पृथक्करण होऊन आलं. थोरियम नाममात्र. मनोहरने दोष स्वतःकडे घेतला. "दगडाले खोटं बोलता येत नाई, बाबा. तुकड्याच्या पिशवीवर चिठ्ठी मीच दुसरी बांधली असन." त्यानंतर तीन उन्हाळे तो आष्टीला जात राहिला, घळीतून नवे तुकडे आणत राहिला. उत्तर दरवेळी तेच. मी त्याला मोटारीपर्यंत पोचवायला जायचो. शेवटच्या खेपेला त्याने खिडकीतून विचारलं, "तू काऊन येत नाईस आता?" मी मुलाच्या परीक्षेचं कारण सांगितलं.

गेल्या रविवारी मनोहरच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या. माझं बोलून झालं तरी त्यांचा हात थांबला नाही. मग खाली बघतच म्हणाल्या, "भाऊजी, तीन वर्ष ते मले विचारून राह्यले, मी विसरभोळा झालो का गं? अन् मी हो म्हणून हसत होती."



त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेलो. भिंतीवर त्याने हाताने काढलेला नकाशा होता, पूर्वेकडून आष्टीपर्यंत निळ्या पेन्सिलीने ओढलेली नदी. मी टेबलावरचा रबर उचलला.

"पुसू नका," वहिनी म्हणाल्या. "चूक कोनाची होती, ते तुमच्या हातानं खाली लिहा."

मी लिहिलं. खाली नाव घातलं. त्या दारात उभ्या राहून वाचू लागल्या, डोळे बारीक करून.

"अजून मोठं लिहा, भाऊजी. इथून दिसलं पाह्यजे."