पोटातली चरबी गालात

उल्हासनगरात प्लास्टिक सर्जन म्हणून बसले, तेव्हा वाटलं होतं, काम गंभीर, माणसंही गंभीरच बोलतील. पण "तुमच्याच अंगातली चरबी काढून तुमच्याच गालात भरायची" म्हटलं, की लोक काय काय बोलतात! एक विसरावा तर दुसरा किस्सा दारात हजर.

परवा इथल्याच कॅम्पातल्या एक कापडवाल्या सिंधी बाई आल्या. गाठ काढल्यामुळे गालात खळगा पडलेला, अंगाने अगदी काटकुळ्या. सोबत गुबगुबीत नणंद.

मी म्हटलं, "चरबी कमी आहे, पण मांडीतून मिळेल."

बाईंनी नणंदेला पुढे ढकललं. "मेरी क्यूं? इसकी लो ना! होलसेल में है!"

दुसऱ्याची चरबी चालत नाही, स्वतःचीच लागते, असं मी समजावलं. बाईंना पटलं. रुसली ती नणंद! "मैं तो फ्री में दे रही थी!"

मोरिवलीचे सावंतकाका. कंपनीत वाफेची नळी फुटून गाल भाजलेला, आत ओढला गेलेला. पोटातली चरबी भरली, गाल छान वर आला. काका खूश! घरी बसून खाऊन-पिऊन जाडही झाले. वर्षाने आले, तर तोच गाल लाडूसारखा टम्म!

"मॅडम, वाढायचं तर पोटात वाढावं. गालात काय चाललंय?"

आमच्या मीना सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "काका, ती मूळची पोटातलीच. आपण शिफ्ट झालोय, हे तिला कुणी सांगितलंच नाही!"

मांजर्लीच्या एका पेशंटला आम्ही ऑपरेशनसाठी आत नेत होतो. तिच्या नवऱ्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गालाला थोडीच लागते ना? मग बाकीची पण काढूनच टाका की!"

स्ट्रेचरवरून आवाज आला, "मला ऐकू येतंय!"

आणि ही वैशाली. बारवी धरणाजवळच्या पाड्यावरची. लहानपणी बैलाचं शिंग लागून एक गाल पार आत गेलेला. ओढणी तोंडावर घेतल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही. लग्नाचं नाव काढलं की उठून जायची.

तिच्या वडिलांना मी सांगितलं, "आम्ही चरबी थेंब थेंब सोडतो. काही जगते, काही विरघळते. मग परत भरावी लागते."

वडील भातशेती करणारे. विचार करून म्हणाले, "म्हंजे लावणीच झाली ना बाय!"

पुढे प्रत्येक वेळी तिच्या गालाशी वाकून विचारायचे, "किती जगली?"

दुसरं ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी वैशाली एकटीच आली. ओढणी खांद्यावर. बसायच्या आधीच सांगायला लागली, "मॅडम, बँकेत मोबाईलसमोर चेहरा दाखवला. आधारच्या जुन्या फोटोशी जुळेना. मशीन म्हणतं, ही तुम्ही नाही!"

"अगं, मग तो फोटो बदलून घे."

"घेईन हो. पण आज मुद्दाम परत दाखवून आले."

"का गं?"

"परत एकदा नाही म्हणतंय का, ते बघायला!"