उंबरठ्यावरचा माणूस

गेल्या पंधरा ऑगस्टला आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर हॉलमध्ये प्रदर्शन होतं. पाचव्या मजल्यावरचे काका निवृत्त प्राध्यापक. इंग्रजांच्या काळातली छापील व्यंगचित्रं जमवायचा त्यांना नाद. ती त्यांनी फ्रेम करून भिंतीवर टांगली होती.

मीही सगळ्यांबरोबर हसत पुढे सरकत होते. एका चित्रात शिकलेली बायको खुर्चीत पुस्तक वाचतेय आणि नवरा चुलीपुढे डोळे चोळतोय. "तेव्हापासून घाबरतायत बघा आपल्याला!" शेजारीण म्हणाली. साहेबाचे बूट पुसणाऱ्या कारकुनापाशी तर हसून हसून पुरेवाट झाली.

शेवटच्या चित्रात भारतमाता घराच्या दारात उभी. उंबरठ्यावर दाढीवाला माणूस, डोक्यावर गोंड्याची तुर्की टोपी, हातात ट्रंक, एक पाय आत, एक बाहेर. खाली छापलेलं, 'हा राहणार की जाणार?' तशीच टोपी माझ्या आजोबांच्या फोटोत आहे, श्रीवर्धनच्या घरी.

हसणं थांबलं. मी तिथे आहे हे एकदम सगळ्यांना आठवलं. आजवर बाकीच्या बायका वहिनी आणि मी भाभी, एवढाच काय तो फरक होता.

"जुनं आहे हो ते, भाभी," शेजारीण म्हणाली.

"हो ना. रेषा काय सुंदर आहेत!" मी म्हणाले.

मग तिथून हलता येईना. लगेच निघाले तर राग आला म्हणतील. थांबले तर सगळे माझा चेहरा बघत बसणार. मी हसरा चेहरा करून उभी राहिले. गाल दुखायला लागले.

संध्याकाळी काका दारात आले. "माझ्या लक्षातच आलं नाही हो. काढतो ते चित्र."

"नको काका. आता काढलंत तर मीच काढायला लावलं, असं होईल."

"मग काय करू, तुम्हीच सांगा."

"मला नका विचारू!" माझा आवाज चढला. काका मान खाली घालून गेले.

रात्री त्यांनी ग्रुपवर सगळ्या चित्रांचे फोटो टाकले, तेवढं एक सोडून. 'शेवटचं राहिलं की,' कुणीतरी लिहिलं. कुणीच उत्तर देईना. सगळे माझ्यासाठीच थांबलेत असं वाटून मी लिहिलं, 'छान प्रदर्शन, काका.' पटापट अंगठे आले.

"मिटलं ना?" नवरा म्हणाला. "आता टेन्शन नको घेऊ."

मी फोन उलटा ठेवला आणि सकाळच्या डब्याची भाजी चिरायला घेतली.